मापाडी

प्रांताने मला गाडी दिलीय : टपावर दुमडता खांब,
आत एक यंत्र, त्याचा काटा, आणि नोंदवही.
हुद्दा लांबलचक आहे. आई शेजारणींना सांगते,
वाऱ्याचा मापाडी आहे.
चूक नाही. धान्य नसतं एवढंच,
आणि माप भरलं तरी पायली रिकामीच.

नियम सोपा आहे, निदान बोल्झानोच्या तिसऱ्या मजल्यावरून :
एका कड्यावर एकच खांब.
व्हिएन्नाचं, झुरिकचं, रोमचं, सगळं
त्याच खांबावरून दरीत उतरायचं,
ज्याची त्याला वारंवारता, ज्याचे त्याला वॅट,
जशी गोठ्यात प्रत्येकीला आपली दावण.
दावं तोडून हिंडेल त्याला सील.

तक्रार वरच्या वस्तीतून आली.
रात्रीच्या बातम्यांत व्हिएन्नाचा निवेदक
व्याजदर सांगता सांगता म्हणाला,
करड्या गाईने पुन्हा कुंपण मोडलंय, मेना, येऊन घेऊन जा.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.
काट्यामागून गेलो. काटा गवताच्या माळ्याशी थांबला.
विजील इर्सारा, वय एकोणऐंशी.
पेंढ्यांआड लाकडी डबा, ट्रकची बॅटरी,
स्कीच्या मोडक्या काठीला गुंडाळलेली तार.
तेवीस वर्षं. सकाळी सहाला आणि दिवेलागणीला, दहा-दहा मिनिटं :
कुणाचं गवत वाळलं, कोण गेलं, घंटा किती वाजता,
खालच्या पुलावर बर्फ आहे का.
गाणी नाहीत. गाण्याला गळा लागतो, तो म्हणाला,
आणि माझ्या कॉफीत न विचारता काहीतरी ओतलं.

अर्ज तीन भाषांत असतो.
या दरीत लादिनचा रकाना कोरा राहिला
तर सील लागू होत नाही. तोही नियमच.
माझं जर्मन घरचं, इटालियन शाळेतलं,
लादिन ऐकून कळेल तेवढं.
आणि 'प्रक्षेपक' या शब्दासमोर, तिसऱ्या रकान्यात,
छापणाऱ्याने नुसती रेघ मारून ठेवलेली.
कार्यालयात फोन केला. भाषांतरकार बाई बाळंतपणाच्या रजेवर.
मग ज्याचं यंत्र त्यालाच विचारलं :
तुमच्यात याला काय म्हणतात?

विजील बराच वेळ पेंढ्यांकडे बघत बसला.
'माहीत नाही' म्हणाला असता तरी पुरे होतं.
मी खाली उतरलो असतो, फाइल वर्षभर झोपली असती.
मला वाटतं मी तसं सुचवलंही,
पेनाला टोपण उगाच दोनदा लावून.

पण शब्द अडलेला त्याला बघवत नसावा.
सांगितला. सावकाश, अक्षर अक्षर,
दुसऱ्यावर दोन टिंबं आहेत, विसरू नका.
ओढ्याचं पाणी एकेकाच्या कुरणाकडे वळवायला
जी लाकडी पन्हळ लावतात, तिचा शब्द.
पाळी आली की लावायची,
पाळी संपली की उचलून पुढच्याला द्यायची.

मी लिहिला. त्याने चष्मा लावून वाचला,
एक टिंब जरा ठळक केलं.
मी तारेवर शिसं दाबलं.
नीट दाबा, तो म्हणाला, इथे उंदीर कुरतडतात.

वहीत शेवटचा रकाना : सीलनंतरचे वाचन.
शून्य लिहिलं, सही केली, खांब दुमडला.
उतरताना अंधारून आलं होतं.
अठ्ठ्याण्णव पूर्णांक चारवर व्हिएन्ना लख्ख लागत होतं,
व्याजदर पहिल्यापासून शेवटपर्यंत,
मध्ये कुणाची गाय नाही, काही नाही.
मी आवाज वाढवला. नोव्हेंबरात एवढं स्वच्छ ऐकू येणं
म्हणजे काम चोख झाल्याचा पुरावा.

वळणावर गाडी घसरली, कठड्याला टेकून थांबली.
टपावरचा खांब वाकला, मला काही झालं नाही.
खालच्या पुलावर बर्फ होता.